केम्निट्झमधला तुटलेला धागा

नागपूर विमानतळावर बाबा काचेबाहेरूनच हात हलवत होते. सक्करदऱ्यातल्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि आता तीन महिन्यांच्या संशोधनासाठी थेट जर्मनी!

"काहून रडून राहिली वं? धागा तुटला त जोडायचा. बस," ते म्हणाले होते. बाबा आता वाडीच्या गोदामात कामाला आहेत. माझ्या लहानपणी घरात हातमाग होता, त्यावर ते विणायचे.

फ्रँकफर्टहून रेल्वेने केम्निट्झला पोचले. मे महिना, तिकडे नागपूर भाजून निघत होतं आणि मी स्वेटरमध्ये! वसतिगृहात लेना भेटली, माझ्याच प्रयोगशाळेत पीएचडी करणारी. तिने ब्र्योटशेन (छोटा कडक पाव) दिला, मी त्यावर आईची जवसाची चटणी लावली. ती दोन ग्लास पाणी प्यायली आणि तिने पुन्हा चटणी मागितली.

प्रयोगशाळेत विमानाच्या हलक्या भागांसाठी कार्बनच्या धाग्यांचं कापड विणतात. यंत्र पाहून मी जवळजवळ ओरडलेच. ताण्याचे उभे धागे, बाण्याचे आडवे, फणी, सगळं ओळखीचं! मी विणलेला नमुना चाचणीत टिकला, तर शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी पुन्हा बोलावू, असं प्रयोगशाळेच्या प्रमुख प्राध्यापक बाईंनी सांगितलं होतं.

विणताना एक धागा तुटला. लेना कॉफी आणायला गेली होती. मी हातमोजा काढला, अंगठ्याला थुंकी लावली आणि बाबांसारखी दोन्ही टोकं पिळून जोडली. सुरेख जमलं. मग आठवलं, इथे उघडा हातही चालत नाही; ओल लागली की कापड कडक करणारी राळ धाग्याला धरत नाही.

कोणी पाहिलं नव्हतं. पण चाचणीच्या सकाळी मला राहवलं नाही. अडखळत बाईंना सगळं सांगितलं.

"थुंकी?" लेना हसून हसून खुर्चीवर बसली.

बाई मात्र गंभीर होत्या. "जोड कुठे आहे ते दाखव."

मी खूण केली. यंत्राने नमुना ताणला आणि तो बरोब्बर तिथेच फाटला. मी मान खाली घातली.

"तू बोलली नसतीस, तर आम्ही धाग्यालाच दोष देत बसलो असतो," बाई म्हणाल्या. "आता दुसरा विण. हातमोजे घालून."

दुसरा टिकला!

परतल्यावर सगळं ऐकून बाबा आपल्या बोटांकडे बघत राहिले. "मंग तिकडं थुंकी चालतच नाही?"

"नाही, बाबा."

"अन् तरी पुन्हा बोलावलं तुले?"

मी मान डोलावली. परदेशात आपल्याला किती येतं हेच पाहतील, या भीतीने मी गेले होते. काय चुकलं ते सांगितल्यावरही तिथे जागा राहते, हे घेऊन आले.

बाबा उठले. "मंग या खेपेला चटणी जास्त ने."