डिकीतलं हृदय

लोपीसबाईंनी देवाला वाहायला दिलेलं मेणाचं हृदय मी स्कूटरच्या डिकीत ठेवलं आणि विसरलो. मे महिना होता. पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. पण बाईंबद्दल सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल, आणि त्यात माझी शोभा होणार हे धरूनच लिहायला बसलोय.

बाई काळाचौकीला आमच्याच चाळीत, आमच्याच मजल्यावर शेवटच्या खोलीत राहायच्या. मूळच्या वसईच्या. म्युनिसिपालिटीच्या शाळेत चौथीला त्यांनी मला शिकवलं, म्हणजे प्रयत्न केला. चाळीत त्यांना मागून सगळे इच्छाबाई म्हणत, कारण त्यांचं कुठलंही वाक्य 'त्याची इच्छा असेल तर' इथे येऊन थांबायचं. पाणी सहाला येईल, त्याची इच्छा असेल तर. सतीश पास होईल, त्याची इच्छा असेल तर. ही इच्छा माझ्या गणिताच्या बाबतीत फारच कमी पडली.

त्यांचं मागणंही तसंच, आवाज खाली ठेवून. संध्याकाळी डोक्यावर पदर घेऊन त्या टेबलाशी बसायच्या, शेजारी काका, म्हणजे त्यांचे यजमान. मी कॅरमसाठी दारात ताटकळत असायचो, त्यामुळे कानावर पडायचं. कुणाचा ताप उतरू दे, कुणाच्या पोरीला नोकरी लागू दे, आणि नाही दिलंस तर सोसायची ताकद दे. मला हे फारच गुळमुळीत वाटायचं. आमचं गणपतीपुढे रोखठोक असतं. एवढं कर, एकवीस मोदक. हे मी बाईंना एकदा ऐकवलं. त्या म्हणाल्या, "डॉक्टरकडे गेल्यावर दुखतंय कुठे ते सांगायचं. औषध कुठलं लिहा ते सांगायचं नाही." मी म्हटलं, आणि डॉक्टरने चुकीचं औषध लिहिलं तर? "मग तू आहेसच की," म्हणाल्या आणि भाजी निवडायला लागल्या.

काका गोदीत फिटर होते. रिटायर झाल्यापासून दर रविवारी गॅलरीत माझ्याशी कॅरम. स्ट्रायकर मारता मारता करंगळीने एखादी सोंगटी हळूच पुढे सरकवायचे आणि चेहरा असा ठेवायचे, की आपल्यालाच अपराधी वाटावं. आतून बाईंचा आवाज यायचा, "अहो, मी बघतेय."

मागच्या वर्षी काकांचं हृदय थकलं. पाय सुजले, जिना चढवेना, मग झोपल्या जागी धाप लागायला लागली. हॉस्पिटलात सांगितलं, ऑपरेशन शरीराला झेपणार नाही. घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला. त्या दिवशी बाई गॅलरीत माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "या वेळी मोठं मागणार आहे रे. लाज वाटते. पण मागणार आहे."

माहीमच्या चर्चमध्ये नऊ बुधवार जायचं त्यांनी ठरवलं. तिथे शरीराचा जो भाग आजारी असेल तो मेणाचा करून वाहतात. हात, पाय, डोळे, सगळं बाहेर विकायला असतं. बाईंनी पहिल्याच बुधवारी हृदय आणलं, मुठीएवढं, पिवळसर, आणि घरी क्रूसापुढे ठेवलं. नवव्या बुधवारी वाहायचं होतं. आठ बुधवार त्या उन्हात रांगेत उभ्या राहिल्या. नवव्याला सकाळपासून काकांची धाप थांबेना. त्यांना सोडून जाणं शक्यच नव्हतं. मी ऑफिसला निघालो होतो, तेवढ्यात बाई वर्तमानपत्रात गुंडाळलेलं हृदय घेऊन दारात आल्या. ते दोन्ही हातांनी माझ्या हातात दिलं. मी म्हटलं, काळजी करू नका, ऑफिसातून थेट तिकडेच जातो.

लोअर परळला आमच्या ऑफिसच्या काचेच्या इमारतीसमोर सावली नावाची गोष्ट नाही. संध्याकाळी डिकी उघडली तर हृदयाचं पिठलं झालेलं. वर्तमानपत्र, पीयूसी, विम्याचे कागद सगळे एकमेकांना चिकटलेले. आता चर्चच्या दारातच दुसरं मिळालं असतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण घरी मॅच होती. मी स्वतःला सांगितलं, बाईंनी आठ आठवडे जपलेलं ते हृदय वेगळं होतं, बाजारातलं दुसरं वाहणं म्हणजे फसवणूकच. मन असं शुद्ध करून मी घरी आलो, बाईंच्या दारात थांबलो आणि म्हटलं, ठेवलं. बाईंनी माझा हात हातात घेतला. मी तो जरा लवकर सोडवून घेतला, कारण टॉस झाला असणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका उठून बसले. बोंबील मागितले. कॅरम बोर्ड खाली काढायला सांगितला. बाई माझ्याकडे बशी घेऊन आल्या, त्यात चार कुरकुरीत बोंबील, आणि डोळ्यांत पाणी. "तुझ्या हातून पोचलं रे," म्हणाल्या. मी चारही बोंबील खाल्ले. वर मनात हसलो, की बघा, हृदय माझ्या डिकीत आणि माणूस ठणठणीत.

सोमवारी सकाळी काका गेले. शिवडीच्या दफनभूमीत मी पुढे होऊन खांदा दिला. सगळ्यांना वाटलं, किती जीव होता याचा.

नंतर बाईंकडे त्यांच्या प्रार्थनेच्या गटातल्या एक बाई भेटायला आल्या. चहा पिता पिता म्हणाल्या, "विश्वासात कुठेतरी कमी पडलं असेल हो." लोपीसबाई त्यांना दारापर्यंत सोडायला गेल्या. पण ते वाक्य घरातच राहिलं. त्यानंतर त्या स्वतःची चूक शोधायला लागल्या. माझ्या बायकोजवळ बोलायच्या. चौथ्या बुधवारी म्हणे रांगेत उभं असताना मन घरच्या कुकरकडे गेलं होतं. सहाव्या बुधवारी धक्का मारणाऱ्या एका बाईवर त्या मनातून चिडल्या होत्या. मला वाटतं, सहाव्यालाच मी कमी पडले, म्हणाल्या. बायकोने हे मला जेवताना सांगितलं. मी मान खाली घालून आमटी ओरपत राहिलो. एक माणूस शेजारच्या खोलीत आपले आठ बुधवार उसवत बसलंय आणि नववा माझ्याकडे आहे, हे कळूनही तोंड उघडायला मला दीड महिना लागला.

ते उघडलं तेसुद्धा बाई वसईला भाचीकडे कायमच्या निघाल्या त्या दिवशी. भाची टॅक्सी बघायला खाली गेली होती. मी ट्रंक उचलायला म्हणून आत गेलो आणि सगळं सांगून टाकलं, डिकी, मॅच, बोंबील. शेवटी आवाज कापरा करून म्हटलं, "बाई, काका माझ्यामुळे गेले."

बाई ट्रंकेवर बसल्या. खालून टॅक्सीचा हॉर्न वाजला, तरी उठल्या नाहीत.

"मेण वितळलं म्हणून देव माणसाला नेतो?" त्या म्हणाल्या. "असा असता तर मी इतकी वर्षं त्याच्याशी बोलले असते का? मी मागितलं, तो नाही म्हणाला. त्याला नाही म्हणता येतं. मला ते अजून गिळता येत नाहीये, पण त्याच्याशीच बोलून गिळणार आहे."

मला एकदम हलकं वाटलं. सुटलो असं वाटलं. आणि मी, पन्नाशी उलटलेला माणूस, विचारून बसलो, "म्हणजे बाई, माझी काही चूक नाही ना?"

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

"चमत्कार मी देवाकडे मागितला होता, सतीश. तुला फक्त माहीमला जाऊन यायला सांगितलं होतं."