गळती शोधणारी आत्या

शकुंतलाआत्या गाडीखालचा थेंब आधी बोटावर घ्यायची, अंगठ्याने चोळायची आणि नाकाशी न्यायची. काळपट आणि जळका वास असला की इंजिनचं ऑइल. हिरवट, गोडसर असला की इंजिन थंड ठेवणारं कूलंट. एवढं झाल्यावरच ती गाडीवाल्याला "या, बसा" म्हणायची. कपाळावर ठसठशीत कुंकू आणि साडीवर यजमानांचा खाकी शर्ट.

अकोल्यातलं ते गॅरेज तिच्या यजमानांचं, आमच्या मामाजींचं. अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेला, तेव्हा आत्याने पाना उचलला. लग्नापासून त्यांच्या शेजारी उभं राहून ती सगळं शिकली होती. माझे बाबा, म्हणजे तिचे थोरले भाऊ, अमरावतीहून समजवायला गेले.

"लोक काय म्हनतीन, शकू?"

"गाड्या घेऊन आले तं म्हनतीन ना, दादा! अजून कोनी येऊनच नाई राह्यलं."

बाबा रागावून परतले. नातेवाइकांत ते एवढंच सांगत, शकू घर सांभाळते.

बाई दिसली की गिऱ्हाइकं खरोखरच गाडी वळवून न्यायची. त्या दिवसांत बार्शीटाकळीचे युनूसभाई आले. ते आपल्या व्हॅनमधून किडनीचे पेशंट डायलिसिससाठी अकोल्याला आणत. मी तेव्हा सुट्टीत आत्याकडेच होते.

"ताई, दोन गॅरेज झाले," युनूसभाई म्हणाले. "रेडिएटर बदलवलं, पाइप बदलवले, तरी कूलंट कमीच होऊन राह्यलं. खाली थेंब नाई. आता म्हनतात, इंजिन खोला. गाडी उभी राह्यली तं या लोकायनं जावं कुठी?"

आत्याने ऑइलचं झाकण उघडून पाहिलं. ऑइलमध्ये पाणी शिरलं की ते दुधाळ होतं. हे स्वच्छ होतं. कूलंट इंजिनात जळलं की सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, तोही नव्हता. मग इंजिन तसंच सोडून ती लिंबाखाली बसलेल्या पेशंटांकडे गेली.

"ताई, बिमार गाडी हाये," युनूसभाई वैतागले.

"गाडीत बसनाऱ्याले इचारा लागते, भाऊ. चालवनारा रस्ता पाह्यते."

पुढच्या सीटवर बसणाऱ्या गोदावरीबाई संकोचत म्हणाल्या, "माही चप्पल दर खेपेले वली होते, बाई. अन् काचीवर वाफ धरते. मले वाटे, कोनाची बाटली सांडते."

आत्याने पुढच्या सीटसमोरच्या मॅटखाली हात घातला. बोटं हिरवी झाली. डॅशबोर्डच्या मागे हीटरचं छोटं रेडिएटर असतं. ते फुटलं होतं आणि कूलंट रस्त्यावर न पडता गाडीतच झिरपत होतं.

आत्या खळखळून हसली. "अकोल्यात हीटर! वरून सूर्य भाजते ते कमी हाये का?"

तिने हीटरकडे जाणारे दोन्ही पाइप काढून एकमेकांना जोडले, कूलंट भरलं, इंजिन गरम होऊ दिलं आणि प्रत्येक जोडावर टॉर्च मारून पाहिलं. एवढ्यावर गाडी सोडली असती तर ती आत्या कसली? ती स्वतः पेशंटांसोबत दवाखान्यापर्यंत गेली. तिथे इंजिन निवेपर्यंत थांबली आणि मगच रेडिएटरचं झाकण उघडलं. कूलंट भरलं होतं तेवढंच होतं. गोदावरीबाई तोवर आत डायलिसिसला लागल्या होत्या. परत आल्यावर आत्याने ही गोष्ट मामाजींना अख्खी सांगितली, आणि त्यांनी डाव्या हाताने मांडीवर थाप मारली.

त्यानंतर युनूसभाईंनी गावभर सांगितलं आणि गाड्या येऊ लागल्या. "थेंब पडते तिथं गळत नाई, वर पाहा," हे तिचं वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल. ऑइल वरून गळतं, वाऱ्याने मागे पसरतं आणि भलत्याच जागी टपकतं. म्हणून ती आधी इंजिन पुसून लख्ख करायची आणि मगच गळती शोधायची.

माझं लग्न अमरावतीला झालं. मांडवाबाहेर माझ्या चुलतसासऱ्यांच्या नव्या गाडीखाली थारोळं दिसलं आणि वऱ्हाडात गडबड उडाली. आत्या भरजरी शालू खोचून सरळ खाली वाकली. बोट ओलं केलं, चोळलं, हुंगलं.

"एसीचं पानी हाये हे. बिनघोर जेवाले बसा."

चुलतसासऱ्यांनी विचारलं, "या कोण?"

मी उत्तर द्यायच्या आत बाबा पुढे झाले. आत्याची मोत्यांची पर्स त्यांनी छातीशी धरली होती.

"माही लहान बहीण," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "अकोल्यात सोताचं गॅरेज हाये तिचं. इंजिन खोलते."