दादाच्या हाताचं माप

माझी अक्कल किती, हे ऐकायचंय? मग चहा थंड झाला तर मला बोलू नका.

दादाला जाऊन सव्वा महिना झाला होता. तापाचं निमित्त झालं, बस. लहानपणी काचा मी फोडायचो आणि नाव त्याचं सांगायचो. तोही निमूट मार खायचा, असा भाऊ!

त्याची शर्यतीची सायकल जिन्याखाली उभी होती. वाकड्या शिंगांच्या हँडलवरची टेप पार फाटलेली. "तळवे सुन्न होतात रे, मऊ टेप आणायचीय," म्हणायचा. ते राहूनच गेलं. एक दिवस मला काही सुचेना. चपला घातल्या आणि थेट टावर चौकातलं सायकलचं दुकान!

"भैया, सबसे नरम टेप दिखाओ. मेरे भाई के हाथ सुन्न हो जाते हैं."

हो जाते हैं! 'व्हायचे' म्हणायला जीभच वळेना.

दुकानदारानं तीन टेपा मांडल्या. मी सगळ्यात जाड उचलली, उशी दाबावी तशी दाबली. त्यानं ती काढूनच घेतली.

"ऐसे नहीं. पंजा छोटा हो तो मोटी टेप पकड़ में नहीं आती. भाईसाहब को ले आओ, हाथ देखकर देंगे."

इथे तरी खरं सांगावं की नाही? मी म्हणालो, "शाम को लाता हूँ!"

दुसऱ्या दिवशी तोंड लपवून तिथून चाललो होतो, तर त्यानं हाक मारली.

"क्यों, आए नहीं?"

"इंदौर गए हैं."

"कब आएँगे?"

"इतवार को."

"तो पता दे दो, मैं ही घर आ जाऊँगा. उस दिन वैसे भी मुझे निकलना है."

दिला! पत्तासुद्धा दिला!

रविवारी बेल वाजली. आईनं दार उघडलं. दारात तीन टेपा घेऊन दुकानदार.

"माताजी, भाईसाहब आ गए इंदौर से?"

आणि आईच्या मागे, भिंतीवर, चंदनाच्या हारात दादा.

बिचाऱ्यानं फोटो पाहिला, मला पाहिलं, आणि गुपचूप चपला काढल्या. मला वाटलं, जमीन फाटावी आणि मी सायकलीसकट आत जावं.

आता आईची थोबाडीत बसणार, म्हणून मी डोळे मिटले. तिनं माझा हात ओढला आणि एकेक टेप त्यात ठेवून मूठ वळवून पाहिली.

"चालवणार तूच ना? मग तुझ्या हाताचं माप घे, गाढवा!" मग दुकानदाराला म्हणाली, "बैठो भैया, चाय पीकर जाना."

मधली टेप घेतली. "मैं लगा दूँ?" त्यानं विचारलं. मी कशाला ऐकतोय! स्वतःच गुंडाळली. खालून वर गुंडाळायची असते म्हणे. मी वरून खाली.

दोनच दिवसांत ती भर टावर चौकात सुटली, त्याच दुकानासमोर, आणि शेपटासारखी लोंबायला लागली. दुकानदार धावत बाहेर आला.

"अरे रे! ये उल्टी किसने लपेटी?"

इतकं सगळं झाल्यावर माणसानं काय बोलावं, तुम्हीच सांगा.

मी म्हणालो, "भाई ने."