कासारमावशींचे वीस श्वास

डोळे मिटलेत, पण झोप पुरती लागलेली नाही. सकाळची ड्यूटी संपवून क्वार्टरवर आलेय, दुपारचे साडेतीन वाजलेत आणि शेजारी कुणीतरी धोपटत कपडे धुतंय. तो आवाज लांब लांब जातो आणि मला फिनेलचा वास येतो. आता इथेही वॉर्डच का, म्हणून मी वैतागून कूस बदलायला जाते, तर मी आडवी नाहीच. उभी आहे. बेड नंबर अकराशेजारी.

बेडवर अनसूयाबाई कासार मांडी घालून बसल्यात. बाजारात त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं, म्हणून सगळा वॉर्ड त्यांना कासारमावशी म्हणायचा. त्यांना जाऊन सतरा दिवस झाले. हर्नियाचं साधं ऑपरेशन होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फुफ्फुसात गुठळी अडकली आणि गेल्या. मी बावीस वर्षं नर्स आहे, गेलेलं माणूस मला कळतं. पण त्या आपल्या दवाखान्याच्या गाऊनमध्ये आरामात बसल्यात.

“आलीस होय सिस्टर?” त्या म्हणतात. “घे, लिही काय ते.”

माझ्या हातात त्यांचा तक्ता आहे. संध्याकाळी सहा. ताप नाही, नाडी अठ्ठ्याऐंशी, रक्तदाब ठीक, श्वास वीस. अक्षर माझंच.

आता आडपडदा नको, सांगूनच टाकते. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नसतं. तसंच धरून छातीकडे बघायचं आणि पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचे. पेशंटला सांगायचंही नाही, कारण सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. हे पहिल्या महिन्यात शिकवतात. मी स्वतः मुलींना शिकवते, वर त्यांच्यावर खेकसते. आणि चाळीस पेशंट पुढ्यात असले की सगळ्यांच्या नावापुढे वीस लिहून मोकळी होते. वीस आकडा दिसायला बरा असतो, कुणी काही विचारत नाही. आमच्याकडे बऱ्याच जणी असंच करतात, पण ते सांगून काय उपयोग.

“मावशी, तेव्हा किती होते हो?” मी विचारते.

“काय किती?”

“श्वास. सहा वाजता.”

“मला काय ठाऊक बाई? मी आपली घेत होते. मोजायचं काम तुझं.”

त्या रागावलेल्या नाहीत, याचाच मला त्रास होतो. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, ओरडून घ्यायची मला सवय आहे.

त्या माझा डावा हात ओढून घेतात. आम्ही त्यांच्या दुकानात बसलोय. मागे हिरव्या-लाल काचेच्या बांगड्या टांगल्यात, त्यांच्या मधोमध सलाईनचा स्टँड उभा आहे आणि आम्हा दोघींनाही त्यात काही वावगं वाटत नाही. त्या माझी बोटं एकत्र दाबतात, अंगठ्याखालचं हाड चाचपतात.

“दोन-सहाचं माप लागेल तुला,” त्या म्हणतात. “माझा हात कधी चुकला नाही. पण धरायची हं मी, प्रत्येकीचा हात धरून बघायची. नुसतं तोंड बघून बांगडी चढवली तर फुटून हातात जाते एखादीच्या.”

“मावशी, त्या दिवशी चाळीस पेशंट होते. आम्ही दोघीच होतो.”

“असतील की.”

“आणि श्वास वाढलेत हे कळलं असतं तरी तुम्ही वाचला असता असं नाही.”

“मी कुठं तसं म्हणतेय? कांचन जेवत नाही गं.”

कांचन त्यांची लेक. दोन दिवस आईच्या उशाशी बसून होती. त्या संध्याकाळी सहाला मीच तिला म्हटलं, आई छान आहे, घरी जाऊन आंघोळ करून ये. साडेसातला ती परत आली तेव्हा आम्ही मावशींची छाती दाबत होतो. नंतर तिनं मला व्हरांड्यात गाठलं. “सिस्टर, मी होते तोवर आई बरी होती ना? मी गेले आणि बिघडलं ना?” मी तिला तक्ता दाखवला. तिनं ते वीस बघितले, मान हलवली आणि भिंतीला टेकून रडली. मी मूग गिळून उभी राहिले. माझी मलाच घाण वाटते ते आठवलं की.

“तिला वाटतं, ती उठली म्हणून मी गेले,” मावशी म्हणतात. “ती उठली कुणाच्या शब्दावर?”

“थांबा. मी आत्ता मोजते.”

नर्सिंग स्कूलची खोली आहे. सरावाच्या रबरी बाहुलीशेजारी मावशी उताण्या झोपल्यात. मी तीन बोटं त्यांच्या मनगटावर ठेवते, सेकंदकाट्याकडे बघते. एक. दोन. छाती वर येते, खाली जाते. नऊपर्यंत पोचते तर त्या विचारतात, कांचननं दुकान उघडलं का? आकडा तुटतो. परत एकपासून. सातवर त्या काहीतरी वेगळंच बोलतात. परत एक. काटा फिरतोच आहे आणि माझ्या हाती काही लागत नाही. मला रडू फुटतं.

“मावशी, जरा गप्प बसा हो.”

“तेव्हा गप्पच होते की मी,” त्या म्हणतात.

मी उठून बसते. पावणेचार. उशी ओली आहे आणि माझ्याच उजव्या हाताची तीन बोटं डाव्या मनगटात रुतलीत. बोटं काढली तरी तीन लाल वळ तसेच राहतात, बरोबर नाडीच्या जागेवर. चोळून बघते, जात नाहीत.

कांचनचा नंबर माझ्या फोनमध्ये सतरा दिवस पडून आहे. वळ जायच्या आत लावायला हवा, नंतर माझ्यानं व्हायचं नाही.

“कांचन, मी वॉर्डातली इंगवले सिस्टर. त्या दिवशी सहा वाजता मी तुझ्या आईचे श्वास मोजलेच नव्हते. त्या बऱ्या होत्या की नाही, मला माहीत नाही. तू घरी गेलीस ती माझ्या सांगण्यावरून गेलीस.”



“पण कागदावर वीस होते ना,” ती म्हणते.

“हो.”

“मग ते कुठून आले?”

“मनानंच लिहिले,” मी सांगते.