मिस्त्री आणि मी, एकाच मशीनवर

तो माणूस मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही, आणि त्यालाही मी. सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही लाकडी देव्हारे आणि फोटोच्या चौकटी बनवतो. तो दुधनीचा, वीस वर्षं मुरलेला मिस्त्री. मी सांगोल्याकडची, दोन मुलांची आई, अडतिसाव्या वर्षी सुतारकामाचा कोर्स करून आलेली. शेठनी ओळख करून दिली तेव्हा तो माझ्याकडे न बघताच म्हणाला, "पॉलिशला ठेवा की त्यास्नी. बायकांचा हात तितंच बसतोय."

मी पॉलिशला गेले नाही. टेबल सॉवर गेले.

लोखंडी टेबलाच्या पोटातून वर आलेलं गोल पातं, असं ते मशीन. फळी लांबीत चिरायची तर पात्याला समांतर बसवलेल्या गाईडला टेकवून ढकलायची. आडवं किंवा तिरकं कापायला मायटर गेज असतं: टेबलातल्या खाचेतून सरकणारं, कोनाचे आकडे कोरलेलं. लाकूड त्याला घट्ट धरायचं आणि दोन्ही मिळून पुढे न्यायचं. पण गाईड आणि गेज एका वेळी वापरायचं नाही. कापलेला तुकडा पातं आणि गाईडच्या मध्ये सापडतो, जरा तिरका झाला की पातं त्याला मागे भिरकावतं. आणि मागे आपण उभे असतो.

मिस्त्री दोन्ही एकत्रच वापरायचा. सगळे तुकडे एका मापाचे निघतात, हात भरभर चालतो.

दुसऱ्या आठवड्यात त्यानं मला पकडलं. कुसळं टोचून टोचून वैतागले होते म्हणून मी हातमोजे घातले होते. त्यानं मशीन बंद केलं, माझे हातमोजे ओढून काढले आणि भुशात फेकले. "पात्यानं धागा वडला तर हात जाईल. मग जावा कोर्सवाल्याकडं चिकटवून घ्यायला!" चूक माझीच होती. पण ती सांगायला चार माणसं जमेपर्यंत तो थांबला होता, हे मी पाहिलं होतं.

मीही थांबले. एकदा शेठ शेडमध्ये असताना मी मोठ्यानं म्हणाले, "मिस्त्री, गाईड सरकवा. तुकडा अडकंल."

त्यानं दोन्ही पंजे माझ्या नाकापुढं पसरले. "वीस वर्सं कापतोय. धाच्या धा बोटं हायत. मोजा की."

"बोटांचं न्हाय, तोंडाचं म्हणतेय मी."

सगळे हसले. त्यानंतर माझ्या चौकटींचे कोपरे उघडे राहू लागले. रोज सकाळी गेजचा कोन किंचित हललेला असायचा. त्यानंच केलं याला पुरावा नव्हता. एका संध्याकाळी मी गेज पिशवीत घालून घरी नेलं आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम अर्धा तास उशिरा आले. तो मशीनपाशी हात बांधून उभा होता. मला फार बरं वाटलं.

एप्रिलमधल्या एका दुपारी तो देव्हाऱ्याचे बुटके खांब कापत होता, गाईड आणि गेज दोन्ही लावून. मी बाजूला पट्ट्या घासत होते. सुतळी बॉम्बसारखा आवाज झाला आणि तुकडा त्याच्या डोळ्याखालच्या हाडावर बसला. मिस्त्री खाली कोसळला. खरं सांगते, पहिल्या क्षणी मला वाटलं, बरी जिरली. मग रक्त दिसलं. मी लाल बटण दाबलं, त्याचाच गमछा त्याच्या गालावर धरला आणि रिक्षातून दवाखान्यात नेलं. रिक्षाभर त्यानं माझं मनगट सोडलं नाही.

टाके पडल्यावर शेठ आले. तेव्हा तो म्हणाला, "ह्या बाई बाजूला बडबडत व्हत्या. ध्यान गेलं माझं."

मी एक शब्द बोलले नव्हते. शेठ माझ्याकडे बघत राहिले. अंगाची आग झाली, पण मी तिथं भांडले नाही.

दुसऱ्या दिवशी मी शेठना मशीनपाशी बोलावलं. "माझ्यामागं नको, बाजूला उभं राहा." गाईडला, पात्याच्या बरंच अलीकडे, लाकडाचा एक ठोकळा आवळून बसवला. फळीचं टोक त्याला टेकवून माप घेतलं, फळी गेजला घट्ट धरली आणि पुढे नेली. पात्यापर्यंत पोहोचेतो ती ठोकळ्यापासून सुटली होती, त्यामुळे कापलेला तुकडा मोकळा पडला. पातं पूर्ण थांबल्यावरच तो उचलला. असे दहा कापले, दहाही एका मापाचे. मग प्लग काढून ठोकळा सोडला, गाईड तुकड्याच्या मापाइतकं पात्याजवळ आणलं, एक तुकडा पातं आणि गाईडच्या मध्ये ठेवून बोटानं जरा फिरवला. तो अडकून बसला.

"हे मी बडबडले म्हणून अडकलं का, शेठ?"

"ठोकळा परत लावा, आणि असू दे तसाच," शेठ म्हणाले.

मिस्त्री आठ दिवसांनी परत आला. ठोकळा बघितला, हलवून बघितला आणि तोच वापरून काम सुरू केलं. आजही वापरतो. चुकलं असं एकदाही म्हणाला नाही. आमचं बोलणं शेठच्या मार्फत चालतं.

गेल्या महिन्यात त्याची बायको डबा द्यायला आली होती. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "यांच्या तोंडाचं वाटोळं केलेल्या बाई तुमीच न्हवं का?"

मिस्त्री तिच्यामागेच उभा होता. गालावरच्या व्रणावरून बोट फिरवत तो माझ्याकडे बघत होता.

"व्हय," मी म्हणाले. "मीच ती." आणि पुढची फळी गेजला लावली.