सत्त्याऐंशीने भागलेली फट

करी रोडच्या आमच्या चाळीत सांधेकाकांइतका रेल्वेवर प्रेम करणारा माणूस दुसरा नव्हता, आणि रेल्वे अडवून धरणाराही नव्हता. त्यांच्या खोलीतल्या फळीवरची छोटी गाडी अकरा वर्षांत एकदाही पूर्ण फेरी मारू शकली नाही.

काकांनी सारी नोकरी वडाळ्याच्या यार्डात रूळ तपासण्यात काढली. निवृत्त झाल्यावर ते सांधे बनवू लागले. सांधा म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा. पितळी पट्ट्यांचे रूळ आणि त्यांच्याखाली आइस्क्रीमच्या काड्यांचे आडवे स्लीपर, तेही जुने दिसावेत म्हणून चहात भिजवलेले. बाजारातल्या तयार सांध्याला ते "प्लॅस्टिकची फणी" म्हणायचे. असे चार सांधे त्यांनी बनवले आणि आलटून पालटून फळीवर बसवून पाहिले.

घोळ त्यांच्या खरेपणातच होता. चाकाची कड जायला सांध्यात एक फट ठेवावी लागते. ही गाडी खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीपट लहान, म्हणून काकांनी खऱ्या सांध्यातली फट घेतली, सत्त्याऐंशीने भागली आणि केसभरही सूट न देता तेवढीच ठेवली. दुकानातल्या इंजिनाची चाकं मात्र जाड कडेची. इंजिन दिमाखात यायचं, फटीवर चढायचं आणि आडवं व्हायचं.

"सांधा बरोबर आहे," काका शांतपणे सांगायचे. "इंजिन चुकलंय."

सांधा काढून गाडी नुसती गोल फिरवा, असं मी एकदा सुचवलं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

दर गणपतीत ही फळी आरास म्हणून मूर्तीपुढे मांडली जाई. दर्शनाला आलेले लोक बाप्पाला हात जोडत आणि काकांना विचारत, गाडी कधी सुटणार? "सिग्नल नाही," काका म्हणत. काकू मालवणकडच्या. हातावर प्रसाद ठेवता ठेवता त्या पुटपुटत, "बाप्पा दरवर्षी येता नि जाता, ह्यांची गाडी काय हलणा नाय."

मग टॉवरसाठी चाळ रिकामी करायचं ठरलं. त्या खोलीतला तो शेवटचा गणपती. विसर्जनाच्या सकाळी काकू म्हणाल्या, "अवो, ह्या घरात एकदा तरी गाडी फिरलेली माका बघूची आसा."

या वेळी त्यांच्या बोलण्यात मस्करी नव्हती. काकांनी कपाटातून बारीक कानस काढली, चष्मा कपाळावर सरकवला आणि स्वतःच्या हाताने ती फट रुंद करायला घेतली. पितळेची भुकटी फळीवर पडत होती. इतकी वर्षं त्यांची थट्टा करणारा मी, मला ते बघवेना.

इंजिन सांध्यावरून सरळ निघून गेलं. एक फेरी झाली, दुसरी झाली. काकू पदराने डोळे पुसत हसत होत्या. काका मात्र सांध्याकडेच बघत होते. "फट चुकली," ते म्हणाले, आणि त्यांनी गाडी पुन्हा सोडली. त्या दिवशी काकांच्या घरचा गणपती तासभर उशिरा निघाला.

खोली सोडताना काकांनी एक पुठ्ठ्याचं खोकं माझ्या हातात दिलं. आत तीन सांधे होते. "ठेव तुझ्याकडे. तिन्ही बरोबर आहेत."

"आणि तो चौथा?" मी विचारलं.

"तो बिघडलेला. तुला काय करायचाय?" असं म्हणून त्यांनी शर्टाचा खिसा चाचपला आणि काकूंच्या मागोमाग जिना उतरू लागले.