पंप काढलाय, एवढंच सांगायचं होतं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोरींना नाही, माहेरी तर नाहीच नाही. आणि बोलायला मी काही कमी आहे असं समजू नका — गल्लीत कुणाकडं काय शिजतंय ते मला घरबसल्या कळतं, आणि माझ्यामुळं बाकीच्यांना. मग ही एकच गोष्ट एवढी वर्षं पोटात कशी राहिली? राहिली खरी. रशीद मिस्त्री म्हणून एक माणूस होता — आहे अजून. त्याचं मी वाटोळं केलं. कसलं वाटोळं केलं, ते मलासुद्धा लई उशिरा कळलं.

आधी माझी खोड सांगते. कुठलीही वस्तू दिसली की तिच्या आत काय असतं ते मला बघायचं असतं. लहानपणी वडिलांचा रेडिओ उघडून बसले होते. काय मार खाल्लाय त्या दिवशी! लग्न होऊन केजकडं आले तरी खोड काही गेली नाही. शिलाई मशीन बिघडली की सासूबाई कपाळाला हात लावायच्या आणि मी मनातल्या मनात खूश — चला, उघडायला मिळालं. पण मोटारसायकल? तिच्या जवळ बाईमाणसानं जायचं ते फक्त फडकं मारायला.

मोटारसायकल माझ्या दिराची, बाळूची. गावभर हिंडणारा म्हणून नाव होतं त्याचं. दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं. विहिरींचा तळ दिसायला लागला होता, शेतात करण्यासारखं काही उरलं नव्हतं, भाकड जनावरं चारा छावणीवर आणि दुभती तेवढी दारात. गावात नुकतीच दूध संस्था निघाली होती. गोळा झालेलं दूध सकाळ-संध्याकाळ केजच्या केंद्रावर पोचवायला माणूस पाहिजे होता. बाळूनं सिरसाळ्याच्या एका पोराकडून जुनी टू-स्ट्रोक गाडी आणली आणि नेऊन उभी केली चेअरमनच्या दारात. चेअरमन म्हणाले, बघू, चालव थोडे दिवस. बाळूला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी काहीतरी सोपवलं होतं.

आता गाडी म्हणजे काय सांगू तुम्हाला — तिच्यात मूळची गाडी किती उरली होती देव जाणे. आवाज यावा म्हणून आधीच्या पोरानं सायलेन्सर कापलेला. कार्बोरेटर दुसऱ्याच कुठल्या गाडीचा, हँडल तिसरीचं. त्यात बाळूनं दोन्ही अंगांना दुधाचे कॅन अडकवायला लोखंडी पिंजरे वेल्डिंग करून घेतलेले. चालू झाली की म्हशी दावं ओढायच्या. पण पळायची मात्र झकास.

तिची दुखणी काढायचा रशीदभाई. केजला स्टँडच्या मागं त्याचं गॅरेज, बाळूचा जिवलग दोस्त. गाडी बघायला तो आमच्या अंगणात यायचा तेव्हा मी चहाचं निमित्त करून तिथंच रेंगाळायचे. हे काय, ते कशाला, असं विचारत राहायचे. घरातले पुरुष हसायचे. रशीदभाई नाही हसायचा. काडी घेऊन मातीत चित्र काढायचा — हा पिस्टन, हे सिलेंडर, हा असा वरखाली पळतो. या गाडीत ऑईल पेट्रोलबरोबरच जळतं. त्याची टाकी वेगळी असते आणि एक बारका पंप ते ऑईल इंजिनाला पाजत राहतो. पाजत राहतो — त्याचाच शब्द. त्या घरात मला एवढं नीट उत्तर कुणी कशाचंच दिलं नव्हतं. आणि अशा माणसाशी मी असं वागले.

एका दुपारी तो दुरुस्त झालेली गाडी घेऊन स्वतःच आला. बाळू छावणीवर होता, माझा नवरा पाण्याच्या टँकरमागं, सासूबाई आत झोपलेल्या. मी एकटीच होते. त्यानं खिशातून पंपाचं दातेरी चाक काढून दाखवलं. दाते पार झिजून गुळगुळीत झालेले. नवा पंप केजला नाही, बीडलाही नाही, म्हणून त्यानं पंपच काढून टाकला होता आणि त्या जागी पत्र्याची चकती बसवून भोक बंद केलं होतं.

"भाभी, बाळूला एवढं सांगा," तो म्हणाला. "पंप काढलाय. आत्ता टाकीत हाय ते पेट्रोल मी ऑईल मिसळूनच भरलंय. पण फुडच्या टायमाला भरताना त्याला मिसळावं लागंल. इसरला तर पिस्टन धरतंय आन् मागचं चाक जाग्यावर जाम होतंय."

मी विचारलं, धरतंय म्हणजे कसं? लोखंडाला लोखंड कसं धरतं? त्यानं तेही समजावून सांगितलं — उष्णतेनं पिस्टन फुगतो, ऑईल नसलं की सिलेंडरला चिकटून बसतो. मी निरोप जसाच्या तसा म्हणून दाखवला. तो म्हणाला बराबर, चहा घेतला, आणि कुणाच्या तरी जीपमध्ये बसून माघारी गेला.

संध्याकाळी बाळू आला. मी म्हणाले, गाडीचं एक सांगायचंय — तर तो हात झटकून म्हणाला, "वहिनी, तुमी भाकरीचं बघा, गाडीचं मी बघतो." सगळे हसले. नवराही हसला. मला असा राग आला! म्हटलं, बघ बाबा, तूच बघ.

हे एवढंच असतं तर मी म्हणाले असते, रागाच्या भरात राहून गेलं. पण राग रात्रीत उतरला. खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे. दुसऱ्या दिवशी बाळूनं ऑईलच्या टाकीची काच बघितली. ऑईल तसंच्या तसं. तिसऱ्या दिवशीही तसंच. कसं उतरेल? प्यायला पंपच नव्हता. पण बाळू आपला गावभर सांगत सुटला — रशीदनं काय हात मारलाय, गाडी आता ऑईलच पीत न्हाई! पारावरची माणसं येऊन काचेत डोकावून जायची. आणि मी उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत ऐकत होते. एवढ्या सगळ्या शहाण्या पुरुषांत गाडीच्या आत काय आहे ते एकट्या मला ठाऊक. काय वाटत होतं सांगू? गंमत वाटत होती. गुदगुल्या होत होत्या आतून.

आणि आणखी एक. मला बघायचं होतं. खरंच धरतं का? किती वेळानं धरतं? आधी आवाज बदलतो का? गाडी सुरू झाली की माझे कान तिकडं लागायचे. रेडिओ उघडताना झालं होतं ना, अगदी तसंच. फक्त इथं वर माणूस बसलेला होता.

मग ती सकाळ आली. बाळू कॅन अडकवता अडकवता म्हणाला, आज केजला टाकी फुल करून घेतो. मी दारातच उभी होते. हातात तांब्या होता. तोंड उघडलं असतं तरी पुरे होतं. पण मग कधीपासून माहीत होतं, हे विचारलं असतं ना? आणि बघायचंही राहिलं असतं. मी तांब्या घेऊन आत गेले. मला वाटलं होतं, गाडी आपली गप उभी राहील — नाही, खोटं बोलतेय मी. चाक जाम होतं हे त्यानं सांगितलं होतं. मी ते माझ्या तोंडानं म्हणूनही दाखवलं होतं.

पेट्रोल भरून बाळू घरापर्यंत नीट आला. संध्याकाळच्या खेपेला, भरल्या कॅनांसकट, केजच्या अलीकडच्या उतारावर चाक जाम झालं. त्याचं गळ्याखालचं हाड मोडलं, चेहरा एका बाजूनं सोलून निघाला. अख्ख्या गावाचं संध्याकाळचं दूध डांबरावर सांडलं. त्या दिवसांत, दुष्काळात. लोक दूध बघून हळहळले, मग बाळूला उचललं.

दुसऱ्या दिवशी बैलगाडीतून मोटारसायकल अंगणात आली आणि तिच्याभोवती सगळी जमली — चेअरमन, संस्थेचे दोघं-तिघं, माझा नवरा. जो तो डॉक्टर. कुणी म्हणे सायलेन्सर कापल्यामुळं झालं, कुणी म्हणे पेट्रोलात रॉकेल होतं. चेअरमनचं म्हणणं वजन झेपलं नाही. सासूबाईंनी तर आल्या आल्या मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या होत्या. रशीदभाई आला, कुणाशी न बोलता खाली बसला आणि इंजिन खोलायला लागला. आणि मी — लाज वाटते सांगायला — पदर सावरत पुढं सरकले. पिस्टन बाहेर निघाला. अंगावर उभे ओरखडे, ठिकठिकाणी वितळून फासलेला. बघायचं होतं ते मी बघून घेतलं.

"ऑईल मिळालं न्हाई," रशीदभाई म्हणाला. बाळू गळ्यात हात बांधून बसला होता. तो म्हणाला टाकी तर भरलेली हाय, पंप हाय की. रशीदभाईनं मान वर केली.

"पंप तर मी काढला. निरोप दिलता की मी. भाभींना सांगितलं होतं."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. सासूबाई, नवरा, चेअरमन. बाळूचा तो सुजलेला चेहरा.

"मला न्हाई बाई कुणी काय सांगितलं," मी म्हणाले.

तो माझ्याकडं बघत राहिला. रागानं नाही; हरवलेली वस्तू शोधावी तसं. मग मान खाली घालून म्हणाला, "मग माझाच इसर पडला असंल." बाळू उठला आणि जे तोंडाला येईल ते बोलला. रशीदभाई हत्यारं गोळा करून गेला. दोस्ती तिथंच संपली. दुधाची खेप दुसऱ्याच्या जीपला गेली, आणि आमच्या गावातली एकही गाडी परत त्याच्या गॅरेजला गेली नाही. मिस्त्री निरोप विसरतो आणि माणसं मरायला घालतो, असं झालं.

मी काय समजत होते माहीत आहे? मला वाटायचं, त्यानं मला वाचवलं. घरच्यांसमोर बाईला खोटं पाडायचं नाही म्हणून त्यानं ते स्वतःवर घेतलं. वर्षानुवर्षं मी असंच समजत आले. त्यातही एक सुख होतं बघा — जगात निदान एका माणसाला खरं माहीत आहे आणि त्यानं मला माफ केलंय, असं.

बाळूच्या पोराच्या लग्नाचा बस्ता बांधायला केजला गेले होते, तेव्हा स्टँडवर रशीदभाई भेटला. दाढी पांढरी झालेली. तलवाड्याला सासुरवाडीजवळ राहतो म्हणाला, फळांचा गाडा लावतो. मी म्हटलं, आणि गॅरेज? म्हणाला, ते कवाच सोडलं. त्या दिवसानंतर प्रत्येक गाडी देताना शंका यायला लागली — नट आवळला का, निरोप दिला का, काही खात्रीच वाटेना. एकेक गाडी परत परत खोलून बघायचा. शेवटी गिऱ्हाइकं कंटाळली आणि तोही.

मग अवघडून म्हणाला, "भाभी, एक इचारू? राग मानू नका. मला अजून सोप्नात दिसतं — मी तुमच्या अंगणात उभा हाय, तुमाला निरोप सांगतोय, आन् तुमी तो माघारी म्हणून दाखवताय. खरंच सांगितला होता का हो मी? का मला नुसतं तसं वाटतंय?"

म्हणजे त्यानं मला वाचवलंच नव्हतं. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला होता.

आजूबाजूला कुणी नव्हतं. ना सासूबाई, त्या कधीच गेल्या. ना बाळू, ना नवरा. भिण्यासारखं काहीएक उरलं नव्हतं. आणि मी म्हणाले, "न्हाई भाऊ. न्हाई सांगितलं."

त्यानं मान हलवली. म्हणाला, मग काम सोडलं ते बरंच झालं. पिशवीतून दोन मोसंब्या काढून माझ्या हातावर ठेवल्या, पोरींना द्या म्हणाला, आणि एसटीत जाऊन बसला.

तलवाड्याला जायला आमच्या फाट्यावरून सकाळी बीडची एसटी मिळते, पुढं गेवराईची. मी चौकशी करून ठेवली आहे. अजून गेलेले नाही.